नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

आपल्या मंडळातल्या बऱ्याच ज्येष्ठ सभासदांच्या ठेवी इंदूरच्या बँकांत आहेत आणि मुलं पुणे, बंगलोर किंवा परदेशात. बँकेचा फॉर्म हिंदी-इंग्रजीत असतो, बहुतेकजण इंग्रजी बाजू भरतात. त्यातले काही शब्द वरवर एकाच अर्थाचे वाटतात, पण पैशाच्या बाबतीत त्यांचे अर्थ फार वेगळे असतात.

पहिली जोडी नॉमिनी आणि वारस. आपण सर्रास 'खात्याला वारस लावला का?' असं विचारतो आणि गैरसमज तिथेच सुरू होतो. वारस कोण हे कायदा किंवा मृत्युपत्र ठरवतं. नॉमिनी आपण फॉर्मवर नेमतो, तो फक्त बँकेकडून पैसे ताब्यात घेण्यासाठी. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्यातल्या कलम ४५ झेडए प्रमाणे नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी होते. पुढचा हिशोब नॉमिनी आणि वारस यांच्यातला.

समजा, एका गृहस्थांची १० लाखांची एफडी आहे. नॉमिनी थोरला मुलगा. मृत्युपत्र केलेलं नाही, मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. बँक १० लाख थोरल्याच्या हातात देईल. पण हिंदू उत्तराधिकार कायद्याने चौघांचा वाटा सारखा, म्हणजे प्रत्येकी अडीच लाख. (गृहस्थांची आई हयात असेल तर तिचाही वाटा, म्हणजे पाच जण.) 'बाबांनी माझं नाव लावलं होतं' हे थोरल्याचं म्हणणं कोर्टात टिकत नाही. शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीपासून आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर ते 'बेनिफिशियल नॉमिनी' ठरतात, आणि ती रक्कम त्यांचीच. म्हणून विम्याचा अनुभव बँकेला लावू नये.

१ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. इथे आणखी दोन शब्द आले. सायमल्टेनियस म्हणजे सगळे एकाच वेळी, प्रत्येकाची टक्केवारी लिहून, बेरीज शंभर. सक्सेसिव्ह म्हणजे एकामागून एक; पहिला हयात नसेल तरच दुसऱ्याचा नंबर. लॉकरला फक्त सक्सेसिव्हच चालतं, आणि ते बरंच आहे, बांगड्यांची टक्केवारी कोण काढणार!

आता जॉइंट खातं. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे दोघांपैकी कोणीही एकट्याच्या सहीने व्यवहार करू शकतो आणि एकाच्या पश्चात दुसऱ्याला रक्कम मिळते. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' मध्ये पहिलं नाव ज्याचं, तो हयात असेपर्यंत त्याचीच सही चालते. आपल्याकडे पहिलं नाव बहुधा यजमानांचं. ते आयसीयूत असताना वहिनींना त्या खात्यातून एक रुपयाही काढता येत नाही, कारण ते हयात आहेत. काउंटरवर असे प्रसंग मी पाहिले आहेत. त्या वेळी कर्मचाऱ्याशी वाद घालून उपयोग नसतो. नवरा-बायकोच्या खात्याला माझ्या मते 'आयदर'च बरं. भाचा-पुतण्याचं नाव सोयीसाठी घालणार असाल तर मात्र 'फॉर्मर'चा विचार करा.

सर्व्हायव्हर आणि नॉमिनी हेही एक नाहीत. जॉइंट खात्यात एक खातेदार जरी हयात असला तरी नॉमिनीचा संबंध येत नाही. 'आयदर'वाल्या एफडीतही मुदतीआधी रक्कम काढायची तर दोघं हयात असताना दोघांच्या सह्या लागतात. एकाच्या पश्चात दुसऱ्याला ती मोडता यावी यासाठी वेगळी संमती असते, ती एफडी करतानाच दोघांनी सही करून द्यावी.

पासबुक किंवा एफडीच्या पावतीवर 'नॉमिनेशन रजिस्टर्ड' छापलेलं आहे का, ते आजच बघा. नॉमिनीचं नावही छापून मिळतं. जुन्या खात्यांत नॉमिनी म्हणून आई-वडिलांची नावं तशीच राहिलेली असतात, ती बदलायला शाखेत एक फॉर्म पुरतो.