तडकलेले हेल्मेट आणि डोक्याचा हिशेब

न्हावा-शेवा येथे १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. मागोमाग गोदामे आली, कंटेनर यार्ड आली. द्रोणागिरी-उरणच्या रस्त्यावर रोजगार आला आणि त्याबरोबर ट्रेलरच्या रांगाही आल्या. त्या रांगांतून वाट काढत आपली मुले मोटारसायकलीवरून पाळीला जातात. घरी परत येईपर्यंत आईचा जीव थाऱ्यावर नसतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारचा एक तरुण वळणावर घसरला. हेल्मेट तडकले, डोके शाबूत राहिले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्याची आई तेच हेल्मेट ओल्या फडक्याने पुसत होती. म्हणाली, "भाऊ, एक बारीक चीर आहे, बाकी चकचकीत आहे. धाकट्याला होईल."

आम्ही म्हणालो, "ताई, या हेल्मेटने आपले काम केले. आता ते रिकामे झाले."

ते कसे? आम्ही पडलो कारकून, तेव्हा हिशेबानेच सांगतो. दीड मीटर उंचीवरून डोके डांबरावर आपटले आणि दोन मिलिमीटरच्या आत थांबले, तर त्यावर स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेसातशे पट जोर येतो. डोके पाच किलोचे धरले तर पावणेचार टन! तेच डोके दोन सेंटिमीटर दबत दबत थांबले, तर जोर पावणेचारशे किलोवर येतो. दहावा हिस्सा! हे दोन सेंटिमीटर कोठून येतात? हेल्मेटच्या आतल्या थर्माकोलच्या थरातून. त्यातील हवेच्या बारीक पेशी चिरडतात आणि आघाताची ऊर्जा तेथेच खर्च होते. पण चिरडलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. ही ठेव एकदाच काढता येते. दुसऱ्या वेळी खाते रिकामे असते.

याहून चांगली उशी बनवता येईल काय? शास्त्रज्ञ गेली अनेक वर्षे या प्रश्नामागे आहेत. रबर ओढले की बारीक होते आणि दाबले की बाजूंना पसरते, हे आपण रोज पाहतो. म्हणजे नेमका जेथे मार बसतो, तेथूनच माल बाहेर सरकतो. १९८७ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या रॉडरिक लेक्स यांनी साधा फोम तिन्ही बाजूंनी दाबला, तसाच तापवला आणि थंड केला. तयार झालेला फोम उलटा वागू लागला. ओढला की जाड होई, दाबला की बाजूंनी आत येई. १९९१ साली अशा पदार्थांना 'ऑक्झेटिक' हे नाव मिळाले. ते 'वाढणारा' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे.

यात जादू नाही, घडण आहे. मधमाशीच्या पोळ्यातील षटकोनी घराचे समोरासमोरचे दोन कोपरे आत ढकलले की डमरूसारखा आकार होतो. अशा घरांच्या जाळीवर मार बसला की आजूबाजूची घरे त्या जागेकडे ओढली जातात. घाव पडतो तेथेच माल घट्ट होतो. वस्तीत एका घरावर संकट आले की शेजारी धावून येतात, तसेच हे!

पण भिंत किती जाड ठेवावी, कोन किती असावा? प्रत्येक नमुना बनवून फोडायचा म्हटले तर खर्च परवडणार नाही. म्हणून संगणकावर त्या जाळीचे हजारो बारीक तुकडे पाडतात आणि आघाताच्या क्षणाक्षणाला प्रत्येक तुकडा किती वाकतो, किती ऊर्जा शोषतो, ते मोजतात. त्यातून निवडलेला नमुना प्रत्यक्ष बनवून त्यावर वजन टाकतात. कागदावरचा हिशेब प्रत्यक्ष मालाशी जुळला पाहिजे, हे कोणत्याही कारकुनाला पटेल! अडचणीही आहेत. जाळी पोकळ असल्याने तिची ताकद कमी पडू शकते आणि अशी घडण स्वस्तात करणे अवघड आहे. तरीही बुटांचे तळवे आणि खेळाडूंची संरक्षक साधने यांत ती आली आहे.

हे हेल्मेट आपल्या परवडीत येईल तेव्हा येईल. तोवर जे आहे ते नीट वापरू या. दुचाकीसाठी आयएसआय शिक्का आणि 'आयएस ४१५१' हा क्रमांक पाहून घ्या. यार्डातले हेल्मेट वेगळे, त्याचा क्रमांक 'आयएस २९२५'. एकाचे काम दुसरे करत नाही. मागे बसणाऱ्या बहिणीलाही हेल्मेट हवेच. पट्टा हनुवटीखाली बांधा, नाहीतर डोके जमिनीला लागण्याआधीच हेल्मेट निघून जाईल.

आणि एकदा जोराचा मार खाल्लेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी कुणाला देऊ नका. त्या माउलीने आमच्यासमोर पट्टा कापला आणि ते टाकून दिले. पुढच्या पगाराला धाकट्यासाठी नवे आले. बंधू-भगिनींनो, आज आपल्या घरातले हेल्मेट उलटे करून आत एकदा पाहाल ना?