माघार घेण्याचे कसब

जोमसोमला वारा सकाळी दहा-अकराच्या सुमारास उठतो. नेपाळच्या मुस्तांग जिल्ह्यातले हे गाव कालीगंडकीच्या खोऱ्यात, सुमारे २,७०० मीटर उंचीवर वसले आहे. मुक्तिनाथला निघालेल्या अनेक मराठी यात्रेकरूंचे छोटे विमान इथेच उतरते. एका अंगाला ८,१६७ मीटरचा धौलागिरी, दुसऱ्या अंगाला ८,०९१ मीटरचे अन्नपूर्णा आणि मधल्या अरुंद घळीतून नदी. ऊन चढले की उत्तरेकडचा उघडाबोडका मुलूख तापतो, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला दक्षिणेची हवा या घळीतून ओढली जाते. वाट चिंचोळी, म्हणून वेग वाढतो. दुपारी तर वाऱ्याला तोंड देत चालणेही जड जाते. म्हणूनच इथली विमाने सकाळी येतात आणि सकाळीच परततात.

लहान विमान धोक्याच्या वाऱ्यात उतरवण्याच्या विद्येचा आढावा घेताना मला जोमसोमचे हे वेळापत्रक फार मोलाचे वाटते. वाऱ्याशी झुंजायचे कसब वैमानिकाच्या अंगी हवेच. पण कधी झुंजायचे नाही हे ओळखणे त्याहून मोठे कसब आहे.

आधी हिशेब पाहू. विमान तोलले जाते ते हवेच्या तुलनेत असलेल्या वेगावर. थांबवायचा असतो तो जमिनीवरचा वेग. समजा, एखादे विमान ६० नॉट, म्हणजे ताशी सुमारे १११ किलोमीटर वेगाने टेकते. समोरून १२ नॉटचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग ४८ नॉट होतो. तोच वारा पाठीमागून आला तर ७२. वेग दीडपट झाला की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोनपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यातून जोमसोमच्या उंचीवर हवा विरळ. वेगमापकाचा काटा तोच आकडा दाखवत असला, तरी खरा वेग समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी जास्त असतो.

आडवा वारा वेगळी परीक्षा घेतो. धावपट्टीशी ३० अंशांच्या कोनातून येणाऱ्या वाऱ्याचा निम्मा जोर आडवा लागतो, ४५ अंशांना सुमारे ७० टक्के. नदी पार करणारा नावाडी होडीचे तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवतो, तसे वैमानिक विमानाचे नाक वाऱ्याकडे वळवून तिरके येतो. खरी कसोटी शेवटच्या काही फुटांत लागते. पायाने रडर, म्हणजे शेपटीचे सुकाणू, दाबून नाक मध्यरेषेवर आणायचे. त्याच वेळी हाताने एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, वाऱ्याच्या बाजूला वळवून तिकडचा पंख किंचित खाली ठेवायचा, नाहीतर वारा विमानाला पट्टीबाहेर ढकलतो. वाऱ्याकडचे चाक आधी टेकते, मग दुसरे, शेवटी नाकाचे. चाके टेकली म्हणून हात सैल सोडायचा नाही. वेग उतरतो तसा एलेरॉनचा प्रभाव कमी होतो, म्हणून ते वाऱ्याच्या बाजूला आणखी आणखी वळवत न्यायचे. सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्यासाठी १५ नॉटचा आकडा असतो. चाचणीत करून दाखवलेला तो आकडा आहे. नवख्याने मात्र स्वतःची मर्यादा त्याच्याही आत आखून घ्यावी.

एकसारखा वारा परवडला, पण झोत फार वाईट. वारा १८ नॉट आणि झोत २८ नॉटचे असतील, तर फरकाच्या निम्मे, म्हणजे ५ नॉट वेग वाढवून यायचे, असा संकेत आहे. झोत अचानक पडला की विमान धपकन खाली बसते. तो वाढीव वेग तेव्हा उपयोगी येतो. मात्र वादळी ढगाखाली कोसळणाऱ्या हवेच्या लोटापुढे, मायक्रोबर्स्टपुढे, असले संकेत अपुरे पडतात. न्यूयॉर्कच्या १९७५ मधल्या विमान अपघाताचा अभ्यास करताना हवामानशास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांना या लोटाचा माग लागला. त्यात शिरलेल्या विमानाला आधी समोरचा वारा उचलतो, मग वरचा दाबतो, मग पाठीमागचा उरलासुरला वेग काढून घेतो. त्यापासून लांब राहणे हाच उपाय.

डोंगरात माघारीचा निर्णय आणखी लवकर घ्यावा लागतो. एडमंड हिलरींच्या पुढाकाराने १९६४ मध्ये झालेली नेपाळमधल्याच लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटरची, जवळपास १२ टक्के चढाची. तिच्या टोकाला डोंगर आहे. एका टप्प्यानंतर पुन्हा वर जाऊन फेरी मारायची सोयच नाही. 'उतरू की नको' याचे उत्तर तो टप्पा गाठण्याआधी तयार असावे लागते.

१६ मे २०१३ रोजी जोमसोमला नेपाळ एअरलाइन्सचे ट्विन ऑटर उतरत होते. वारा नैर्ऋत्येचा, ८ ते १२ नॉटचा. त्याला तोंड देणारी २४ क्रमांकाची दिशा टॉवरने सुचवली. वैमानिकांनी ०६ घेतली, म्हणजे वारा पाठीशी. टेकल्यावर विमान पट्टीवरून गवतात गेले, पुन्हा पट्टीवर आले, परत उडण्याचा प्रयत्न फसला आणि ते कालीगंडकीच्या पात्रात कोसळले. २१ जण वाचले, पण सात जणांना गंभीर इजा झाली. वारा फार नव्हता. पण तो पाठीशी होता.

२९ मे २०२२ रोजी पोखऱ्याहून जोमसोमला निघालेले तारा एअरचे विमान डोंगरावर आदळले. त्यात २२ जण गेले. ठाण्याचे एक कुटुंबही होते. तिथे वाऱ्यापेक्षा ढगांनी घात केला. तरीही विचारायचा प्रश्न तोच: माघारी कुठे आणि केव्हा वळायचे, हे आधीच पक्के असते का?

त्या उत्तरात प्रवाशाचाही वाटा असतो. पुढचे हॉटेल, परतीचे तिकीट, ठरलेला मुहूर्त यांचा दबाव विमान कंपनीमार्फत वैमानिकापर्यंत पोहोचतो. विमान रद्द झाल्यावर काउंटरवर आवाज चढवणारा माणूस नकळत पुढच्या वैमानिकाचा निर्णय अवघड करून ठेवतो. मुक्तिनाथला जाणार असाल, तर यात्रेत एक-दोन दिवस मोकळे ठेवा आणि विमान अर्ध्या वाटेवरून परत फिरले, तर वैमानिकाचे आभार माना. त्याला 'आज नाही' म्हणणे सोपे जावे, एवढे तरी आपल्या हातात आहे.