परत केल्याची पोच

चपराशी हा शब्द कसा आला, ठाऊक आहे? पूर्वी कचेरीतल्या शिपायाच्या पट्ट्यावर पितळेचा बिल्ला असे. त्याला म्हणत चपरास. ती ज्याच्या अंगावर, तो चपराशी. म्हणजे माणसाला नावच बिल्ल्याचं पडलं. कवी म्हणून मला या शब्दाची मौज वाटायची. मध्यंतरी मात्र अशाच एका बिल्ल्यानं मला विचारात पाडलं.

दिग्रसला आमच्या शेजारचा एक तरुण कंत्राटी सुरक्षा रक्षक होता. एका गोदामावर रात्रपाळी करायचा. कंत्राट बदललं, काम सुटलं. ओळखपत्र, टॉर्च आणि किल्ल्यांचा जुडगा त्यानं सुपरवायझरच्या हाती दिला. शेवटचा पगार मागायला गेला तेव्हा उत्तर मिळालं, ‘तुमचं कार्ड जमा नाही.’ सुपरवायझरही तोवर दुसरीकडे गेलेला.

‘चाचा, म्या सारं वापस केलं होतं ना!’

‘लिहून घेतलं होतंस का?’ मी विचारलं. तो गप्प.

कार्डाची चौकशी होते, ती उगाच नव्हे. दार उघडणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड हरवलं, तर संगणकात त्याचा क्रमांक बंद करता येतो. किल्ली हरवली, तर कुलूप बदलावं लागतं. फोटोचं ओळखपत्र मात्र असं बंद करता येत नाही. ते गळ्यात दिसलं की लोक वाट देतात. म्हणून ते हाती परत यायलाच हवं, आणि काम सोडून गेलेल्यांची नावं त्याच दिवशी फाटकावर कळायला हवीत.

खासगी सुरक्षा एजन्सींच्या नियमनाचा कायदा २००५चा. त्यानुसार प्रत्येक रक्षकाला फोटोसह ओळखपत्र देणं एजन्सीवर बंधनकारक आहे. केंद्राच्या आदर्श नियमांनुसार त्यावर नाव, क्रमांक, हुद्दा आणि मुदत हवी. नोकरी संपली की ते परत करायचं. हरवलं किंवा चोरीला गेलं, तर एजन्सीला ताबडतोब कळवायचं.

यासाठी साधं रजिस्टर पुरतं. वस्तू, तिचा क्रमांक, दिल्याची तारीख आणि घेणाऱ्याची सही. समोरच्या रकान्यात परतीची तारीख आणि परत घेणाऱ्याची सही. महिन्यातून एकदा वस्तू नोंदीशी ताडून पाहाव्यात. गंमत अशी, की पहिली सही सगळे आठवणीनं घेतात. दुसरी द्यायला विसरतात.

पगाराचंही ऐका. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करावा, असं ती सांगते. सोपवलेली वस्तू कामगाराच्या हलगर्जीनं हरवली, तर कपात करता येते. पण आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं.

त्या तरुणाचं कार्ड शेवटी त्याच कचेरीच्या खणात सापडलं. पगार मिळाला, पण दोन महिन्यांनी. तोवर घरचा किराणा उधारीवर चालला होता.

आता तो दुसरीकडे कामाला आहे. पहिल्याच दिवशी त्यानं मिळालेल्या वस्तूंची यादी वहीत लिहिली, साहेबांची सही घेतली आणि खाली अर्धं पान कोरं ठेवलं. म्हणाला, ‘चाचा, हे वापसीच्या सहीसाठी.’