आभाळातला डोळा आणि आपली ज्वारी



वडूजच्या बाजारात एका आजोबांनी मला अडवून विचारले, "साहेब, आभाळातनं फोटू काढून दुष्काळ बघत्यात म्हणं. तिथनं माझी अर्ध्या एकराची ज्वारी दिसती व्हय?"

प्रश्न रास्त होता. उत्तर गुंठ्यांतच देतो.

१९७९ साली आपला 'भास्कर' उपग्रह अवकाशात गेला. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १ चौरस किलोमीटर, जवळजवळ २५० एकर! पुढे १७ मार्च १९८८ रोजी 'आयआरएस-१ए' सुमारे ९०० किलोमीटर उंचीवर गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका सुमारे ५२ गुंठ्यांचा, तर दुसऱ्याचा १३ गुंठ्यांचा. आज युरोपच्या 'सेंटिनेल-२' उपग्रहाचा ठिपका १० मीटर लांब-रुंद, म्हणजे आपला १ गुंठाच. आजोबांच्या रानाचे २० ठिपके झाले. म्हणजे ज्वारी दिसते!

पीक चांगले की वाळलेले, हे कसे कळते? टवटवीत पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण परत फेकते. पीक सुकले की हा फरक कमी होतो. शास्त्रज्ञांच्या चित्रात जोमदार पीक मुद्दाम तांबडे दाखवतात. येरळवाडीच्या तलावासारखे पाणी काळसर दिसते.

केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत पाऊस, पेरणी आणि जमिनीतली ओल यांच्याबरोबर ही चित्रेही विचारात घेतात. म्हणून त्यांची मर्यादा ओळखा. पावसाळी ढगांपुढे साधा कॅमेरा आंधळा होतो. रडारचे किरण ढगांतून पार जातात. ३० जुलै २०२५ रोजी सोडलेला भारत-अमेरिकेचा 'निसार' त्याच जातीचा. शिवाय येरळाकाठचा हिरवागार ऊस आणि माळावरची करपलेली बाजरी यांची सरासरी काढली, तर तालुका बरा दिसतो आणि माळकरी मात्र उपाशी राहतो. तणाचा हिरवेपणाही पिकात मोजला जाऊ शकतो.

तेव्हा दोन गोष्टी करा. ई-पीक पाहणीत जे पेरले तेच, आंतरपिकासह, वेळेवर नोंदवा. पाहणीला पथक आले, तर घरातले कोणीतरी बांधावर हजर राहा आणि करपलेले रान स्वतः दाखवा.

आजोबांना शेवटी एवढेच म्हणालो, "वरच्या डोळ्याला पाला दिसतो, आजोबा. कणसात दाणा भरला का नाही, ते अजून बांधावर उभं राहूनच कळतं."