संदर्भ हवा

मराठी विकिपीडियावर महाराष्ट्रातल्या हजारो गावांची पाने आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ पानांचा सांगाडा सारखाच आहे: भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. मथळे भरपूर, मजकूर तुटपुंजा. नवा संपादक अनेकदा इथूनच आत शिरतो. आपल्या गावाचे पान ओकेबोके दिसले की त्याचे हात शिवशिवतात. ‘आमचे गाव निसर्गसंपन्न असून येथील लोक अतिशय प्रेमळ आहेत. गावात प्राचीन व जागृत देवस्थान आहे,’ असे लिहून तो बदल प्रकाशित करतो. त्याच क्षणी तो मजकूर जगाला दिसू लागतो. थोड्या वेळाने पाहावे, तर वाक्ये गायब! पानाचा ‘इतिहास’, म्हणजे बदलांची यादी, उघडल्यावर कळते की कुणीतरी बदल पूर्वपदास नेले आहेत.

दुखावून इथूनच परत फिरणारे बरेच असतात. जो थांबतो, त्याचे शिक्षण सुरू होते.

त्याची दोन वाक्ये एखादा जुना संपादक चर्चा पानावर उलगडून दाखवतो. ‘आमचे’ जायला हवे, कारण ज्ञानकोशाला ‘आम्ही’ नसतो. ‘निसर्गसंपन्न’ आणि ‘प्रेमळ’ ही मते झाली. ‘प्राचीन’ म्हणजे कोणत्या शतकातले? ‘जागृत’ ही भाविकांची श्रद्धा आहे. ती नोंदवता येते, पण भाविकांची श्रद्धा म्हणूनच, आणि तीही कुणी छापून ठेवली असेल तर. मग उरते काय? तालुका, नदी, २०११च्या जनगणनेतली लोकसंख्या, भैरवनाथाचे देऊळ आणि चैत्रातली जत्रा. देवळाची नोंद जिल्हा गॅझेटिअरमध्ये सापडली, तर तिचा पृष्ठ क्रमांक द्यायचा. नव्या मजकुरात कौतुकाचा एकही शब्द नसतो. तरीही परक्या वाचकाला त्यातून गाव अधिक कळते. चरित्रलेखांनाही हेच लागू. मराठीत ‘ते लेखक होते’ असे आदरार्थी बहुवचन चालते. पण फलकांवरचे ‘कार्यसम्राट’, ‘वंदनीय’, ‘तडफदार’ गाळावे लागतात.

सगळ्यात जड जातो तो पडताळणीचा नियम. आजोबांनी सांगितलेली गावाची हकिगत खरी असेलही, पण ती तपासायला वाचकाने जायचे कुठे? या नियमातून मोठमोठ्यांचीही सुटका नाही. अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांना इंग्रजी विकिपीडियावरची, आपल्याच ‘द ह्यूमन स्टेन’ या कादंबरीविषयीची माहिती चुकीची वाटली. नायक कुणावरून सुचला, हे लेखकाइतके कुणाला ठाऊक असणार? तरी त्यांना दुय्यम स्रोत मागण्यात आला. अखेर २०१२मध्ये त्यांनी ‘द न्यू यॉर्कर’मधून विकिपीडियाला खुले पत्र लिहिले, आणि त्यांचे म्हणणे प्रसिद्ध झाल्यावर लेखात त्याचा दाखला देता आला. हा हट्ट विचित्र वाटतो, पण तो योग्यच आहे. टोपणनावाने लिहिणारा माणूस खरोखर रॉथ आहे की नाही, हे पडद्याआडून कोण ठरवणार?

एखाद्या विषयावर लेख असावा की नाही, हे ठरवणाऱ्या उल्लेखनीयतेच्या नियमाचे मात्र सरसकट समर्थन करता येत नाही. कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांच्यावरच्या लेखाचा मसुदा इंग्रजी विकिपीडियावर मे २०१८मध्ये परत पाठवला गेला, कारण त्यात स्वतंत्र स्रोत पुरेसे नव्हते. ऑक्टोबरमध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या केवळ तिसऱ्या महिला. ज्यांच्याविषयी वर्तमानपत्रे लिहीत नाहीत, त्यांना ज्ञानकोशातही जागा मिळत नाही, ही या नियमाची खरी उणीव आहे. आपल्याकडच्या लोककलावंत बायकांचा विचार केला की ती आणखी टोचते.

स्वामित्वहक्काच्या बाबतीत सवलत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन आज मुक्त आहे. कालच्या वर्तमानपत्रातला परिच्छेद मात्र जसाच्या तसा उचलता येत नाही. माहिती घ्यायची, वाक्ये आपली लिहायची. शाळेत निबंध पाठ करून लिहिण्याची सवय झालेल्यांना हे जमायला वेळ लागतो. त्यासाठी धूळपाटी हे सरावाचे पान आहे. तिथे हवे तितके खरडावे, मोडावे, पुन्हा लिहावे.

वाद झाला तर चर्चा पानावर किंवा चावडी या सामाईक चर्चेच्या पानावर मांडायचा, आणि समोरच्याचा हेतू चांगला आहे असे धरून बोलायचे. इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्यांचे बदल उलटवले, तर संपादनबंदी येऊ शकते.

मराठी विकिपीडिया २००३पासून चालू आहे आणि त्याची मोठी अडचण नियमांची नाही, कागदाची आहे. मराठीतले स्रोत गावोगावच्या वाचनालयांत, जुन्या दिवाळी अंकांत, साहित्य संमेलनांच्या स्मरणिकांत पडून आहेत आणि त्यांतले फार थोडे इंटरनेटवर आले आहे. छापील पुस्तकाचा दाखला विकिपीडियाला पूर्ण मान्य असतो. लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष आणि पान एवढे पुरते. तेव्हा ज्यांच्या घरी अशी पुस्तके आहेत, त्यांनी नवा लेख लिहिण्याची घाई करू नये. ‘संदर्भ हवा’ असा शेरा असलेले, आपल्या माहितीतले एखादे वाक्य शोधावे, कपाटातले पुस्तक काढावे आणि त्या वाक्यापुढे पृष्ठ क्रमांक टाकावा.