इझेनहाइमच्या रुग्णांचा ख्रिस्त

फ्रान्सच्या पूर्व सरहद्दीवरील कोलमार शहरात, एकेकाळी डोमिनिकन धर्मभगिनींचा मठ असलेल्या उंटरलिंडेन संग्रहालयात, माथियास ग्र्यूनेवाल्ड या जर्मन चित्रकाराने 1512 ते 1516 च्या सुमारास रंगविलेली, उघडमीट होणाऱ्या फळ्यांची एक वेदी आहे. आणि सृष्टीतील सौंदर्य व दुःख ही दोन्ही एकाच परमेश्वरापुढे कशी उभी राहतात, हा प्रश्न ज्याला छळतो त्याने धर्मग्रंथांवरील भाष्यांच्या आधी तिच्याकडे वळावे, असे माझे मत आहे.

ही वेदी इझेनहाइम येथील संत अंतोनीच्या संघाच्या मठासाठी घडविलेली, आणि ‘अंतोनीचा अग्नी’ या व्याधीने पछाडलेल्यांची शुश्रूषा हे त्या संघाचे व्रत होते. राय नावाच्या धान्याच्या कणसावर वाढणारी बुरशी अन्नावाटे पोटात गेली की हातापायांचा दाह होई, रक्तवाहिन्या आक्रसत, मांस काळे पडे आणि अवयव झडून जात. (आपल्याकडील बाजरीवरचा अरगट याच बुरशीच्या कुळातला, त्याचे दाणे वर तरंगून वेगळे काढता यावेत म्हणून शेतकरी पेरणीपूर्वी बियाणे मिठाच्या पाण्यात टाकतो.) त्या काळी मात्र रोगाचे मूळ रोजच्या भाकरीत आहे, हे त्या दुर्दैवी जिवांच्या ध्यानीमनीही नव्हते.

अशा रुग्णांना या वेदीसमोर आणीत असत, असे अभ्यासक मानतात. तिच्या मिटलेल्या फळ्यांवर त्यांना काय दिसे? हिरवट पडलेले, सर्वांगात काटे रुतलेले ख्रिस्ताचे कलेवर; खिळ्यांभोवती आकाशाकडे ताणलेली, वाकडीतिकडी झालेली बोटे; सुजलेली पावले; योहानाच्या हातांवर कोसळणारी पांढऱ्याफटक वस्त्रातील मरीया. ज्याची स्वतःची कातडी सडत होती, त्याला त्या क्रूसावर परका देव दिसला नसावा. दुःख का, याचा जाब या चित्राला विचारून उपयोग नाही. प्रभू त्या दुःखात आपल्या शेजारी आहे, एवढी साक्ष ते देते, आणि मरणोन्मुख मनुष्याला तिचे मोल तत्त्वज्ञाच्या उत्तराहून अधिक असते.

सणाच्या दिवशी फळ्या उघडल्या की देवदूतांचे वाद्यवादन, बाळ येशू आणि पुनरुत्थित ख्रिस्ताभोवतीचे केशरी-पिवळे तेजोवलय प्रकट होई. येथे दोन गोष्टी निरखून पाहाव्यात. बाळाला गुंडाळलेले वस्त्र फाटके आहे, जवळजवळ क्रूसावरील कटिवस्त्राइतकेच जीर्ण. आणि तेजाने उजळलेल्या देहावरही हातापायांचे व्रण कायम आहेत. चित्रकाराला ते सहज पुसता आले असते.

तथापि, यावरून वेदनाच पवित्र किंवा सुंदर असते असा निष्कर्ष काढणे मला साफ नामंजूर आहे. मठवासी रुग्णांना चांगले अन्न देत, मलमे लावीत, संतांच्या अस्थींवरून ओतलेला द्राक्षारस पाजीत, आणि अन्य इलाज उरला नाही की सडलेला अवयव कापण्याची तजवीजही करीत. ज्यांनी ही वेदी करवून घेतली, त्यांनी वेदनेशी हयातभर झुंज दिली. आणि वेदीची साक्ष केवळ त्यांच्या रुग्णांपुरती उरली नाही: पहिल्या महायुद्धात ती म्युनिकला हलविली असताना युद्धाने खचलेल्या लोकांची तिच्यापुढे रीघ लागली होती.

आज फळ्या सुट्या करून मांडलेल्या असल्यामुळे प्रेक्षकाला थेट पुनरुत्थानापाशी जाता येते. वाचकांपैकी कोणी कोलमारला गेलेच, तर त्यांनी कृपा करून तशी घाई करू नये. आधी क्रूसासमोर पुरेसा वेळ उभे राहावे.