घाट उतरण्याआधी ब्रेक ऑईलची बाटली बघा

आज गाडीच्या ब्रेकबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, गाडीचं ते ड्रायव्हर बघेल. पण पाटणादेवीच्या दर्शनाला कन्नडचा औट्रम घाट उतरताना गाडीत आपण असतो, लेकरं आपल्या मांडीवर असतात. शिवाय २०१७ पासून आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजनेत गटातल्या बाईने प्रवासी गाडी चालवून कमाई करावी अशी सोय झाली आहे. गाडी भाड्याची असो की गटाची, ब्रेक ऑईल बघायला पाना लागत नाही आणि पैसाही लागत नाही.

पायाखालच्या पेडलपासून चाकांपर्यंत बारीक नळ्या गेलेल्या असतात. त्या ब्रेक ऑईलने गच्च भरलेल्या असतात. आपण पेडल दाबलं की तो दाब नळ्यांतून चाकापाशी पोचतो आणि चाक आवळलं जातं. पातळ पदार्थ दाबला तरी आक्रसत नाही, हवा मात्र आक्रसते. म्हणून नळीत हवा किंवा वाफ आली की पेडल पोचट लागतं, पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही.

आता बघायचं कसं? गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन गार होऊ द्या, बॉनेट उघडा. ड्रायव्हर बसतो त्या बाजूला, समोरच्या काचेच्या जवळ पांढुरकी, आरपार दिसणारी छोटी बाटली असते. झाकणावर बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४ असा इंग्रजीत आकडा असतो. काच धुण्याच्या पाण्याची आणि कूलंटची बाटली वेगळी, त्यांच्याशी गल्लत करू नका. बाटलीवर दोन रेघा असतात. ऑईल त्या दोहोंच्या मध्ये हवं. बाहेरूनच दिसतं, झाकण उगाच उघडायचं नाही.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ब्रेक ऑईल डिझेलसारखं जळून संपत नाही. पातळी खाली गेली असेल तर त्याला कारण असतं. एक तर ब्रेकचे पॅड झिजलेत, मग पातळी महिनोन्‌महिने हळूहळू उतरते. नाहीतर कुठेतरी गळती आहे. गळती असेल तर चाकाच्या आतल्या अंगाला ओलसर डाग दिसतो. उभ्या गाडीत पेडल अर्धा मिनिट दाबून धरा. ते हळूहळू खाली सरकत गेलं तर गाडी बाहेर काढायची नाही, मेकॅनिकला तिथेच बोलवायचं. "थोडं ऑईल टाकलं, झालं काम" असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही. फुटक्या माठात पाणी भरत राहण्यातलाच तो प्रकार.

हँडब्रेक सोडल्यावरही समोरचा ब्रेकचा लाल दिवा जळत राहिला, तरी आधी ही बाटलीच बघायची.

पातळी बरोबर असली तरी ऑईल जुनं असू शकतं, आणि घाटात खरा धोका त्याचाच. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या मिठाला जसं पाणी सुटतं, तसं हे ऑईल हवेतली ओल ओढून घेतं. नवं डॉट ३ ऑईल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्के पाणी मिसळलं की तीच हद्द १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घाटात ड्रायव्हर सारखा ब्रेकवर पाय ठेवून उतरला की ब्रेक तापतात, ऑईल उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल एकदम खाली जातं. अर्धा तास थांबलं की गार होऊन ब्रेक पुन्हा लागतो. मग ड्रायव्हर दादा म्हणतात, "आता ठीक आहे, बसा." ठीक काही नसतं, पाणी आतच असतं.

म्हणून बहुतेक गाड्यांचं ब्रेक ऑईल साधारण दोन वर्षांनी पूर्ण बदलावं लागतं. नेमकी मुदत गाडीच्या पुस्तिकेत असते. नवं ऑईल फिकट पिवळं असतं. चहासारखं काळपट दिसलं तर उशीर झाला समजा. पण रंग चांगला म्हणजे ओल नाही, असंही नाही. ती ओल तपासायचं छोटं यंत्र काही गॅरेजमध्ये असतं, विचारून बघा.

ऑईल झाकणावरच्या आकड्याचंच आणि सीलबंद बाटलीतलं घ्या. कधीची उघडून ठेवलेली अर्धी बाटली फुकट मिळाली तरी नको. इंजिन ऑईल तर चुकूनही टाकू नये, त्याने आतले रबर फुगतात आणि ब्रेक निकामी होतात. ऑईल बदलल्यावर नळ्यांतली हवा काढावी लागते, ते काम मेकॅनिकचं.

वणीच्या गडावरून नांदुरीला उतरताना किंवा म्हैसमाळहून खुलताबादला येताना ड्रायव्हरला खालच्या गिअरमध्ये गाडी आणायला सांगा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून, इंजिन बंद करून गाडी सोडतात, ते मुळीच चालू देऊ नका. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत थांबते, पेडल दगडासारखं कडक होतं.

हे ऑईल विषारी आहे. डोळ्यांत गेलं तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठा. गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग उडतो, तिथेही लगेच पाणी ओता. रिकाम्या बाटलीत तेल किंवा पाणी भरून ठेवू नका, आणि काढलेलं ऑईल गॅरेजवाल्याकडेच द्या, विहिरीच्या किंवा नाल्याच्या कडेला ओतू नका.